उत्तर देणारी पोथी : स्कीम भाषा आणि इमॅक्स एडिटर यांचा इतिहास

लिखित मजकूर आपण वाचतो आणि त्याचा अर्थ आपल्या मनाशी लावतो. मजकूर स्वतः काही बोलत नाही. शंका आली तर टीका पाहावी, जाणत्या शास्त्रीबोवांस विचारावे, आणि कज्जाच उभा राहिला तर न्यायालयाचा निर्णय घ्यावा, हीच आजवरची रीत. संगणकाला दिलेली आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, हा मात्र वेगळ्या जातीचा मजकूर आहे. माणसांनी वाचावा असा तो लेख असतो, आणि त्याच वेळी यंत्राने पाळावा असा तो हुकूमही असतो. म्हणून अशा मजकुराच्या वाचकाला एक असामान्य सोय मिळू शकते. वाचता वाचता एखाद्या वाक्यावर बोट ठेवावे, त्याचे फलित काय ते त्या मजकुरालाच विचारावे, आणि उत्तर तेथल्या तेथे मिळावे.

मिळू शकते असे आम्ही म्हटले. ती आपोआप मिळालेली नाही. १९५० च्या दशकात संगणक वापरणारा मनुष्य आपली आज्ञावली भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवून कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करीत असे. निकाल काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, कागदावर छापून हाती येई. एका अक्षराची चूक असली तर सारा फेरा पुन्हा. लिहिणारा एकीकडे, यंत्र दुसरीकडे, आणि दोहोंच्या मध्ये खिडकी, असा तो कारभार होता. ती खिडकी कशी नाहीशी झाली आणि ती पुन्हा बसवली जाऊ नये म्हणून काय करावे लागले, हा प्रस्तुत लेखाचा विषय. आमचा व्यवसाय वकिलीचा. दस्तऐवजातील शब्दाचा अर्थ कोठून घ्यावा आणि दस्तऐवज पाहण्याचा अधिकार कोणाला, हे आमचे रोजचे प्रश्न. ह्या इतिहासात नेमके हेच दोन प्रश्न निर्णायक ठरलेले दिसतात.

१

प्रारंभ लिस्प भाषेपासून केला पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, संक्षेपाने एमआयटी, ह्या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली ह्या भाषेचे काम हाती घेतले. याद्यांवर प्रक्रिया करणारी भाषा म्हणून लिस्प. तिचे सैद्धांतिक मूळ अलॉन्झो चर्च ह्या तर्कशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा-कलनात आहे. १९६० साली मॅकार्थी यांनी ह्या भाषेविषयी जो निबंध प्रसिद्ध केला त्यात ‘इव्हॅल’ नावाची एक व्याख्या होती: लिस्पमधील कोणतीही पदावली घेऊन तिचे मूल्य काढणारी, आणि स्वतः लिस्पमध्येच लिहिलेली. मॅकार्थी यांच्या दृष्टीने ती केवळ सिद्धांत स्पष्ट करण्यासाठी होती. परंतु त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी ती व्याख्या आयबीएम ७०४ ह्या संगणकाच्या यंत्रभाषेत हाताने उतरवली, आणि कागदावरचा सिद्धांत चालू यंत्र झाला. वाक्य वाचावे, त्याचे मूल्य काढावे, उत्तर छापावे आणि पुढच्या वाक्याची वाट पाहावी, हे चक्र लिस्पच्या संसारात तेव्हापासून रुजले.

लिस्पचे वाक्य दिसते कसे? चार आणि पाच ह्यांची बेरीज करावयाची तर (+ ४ ५) असे लिहावे, उत्तर ९. त्या बेरजेची तिप्पट हवी तर (* ३ (+ ४ ५)), उत्तर २७. मराठीत क्रियापद शेवटी येते. येथे ते अगदी पहिल्या जागी बसते, आणि प्रत्येक वाक्य आपल्या कंसांत बंद असते. मोठ्या आज्ञावलीत कंसांत कंस, त्यांत आणखी कंस, अशी दाटी होते. पुष्कळ नवशिक्यांना हे कंस मथुरेच्या कंसाइतकेच छळवादी वाटतात. मॅकार्थी यांचाही विचार पुढे अधिक सुबक लेखनपद्धती आणण्याचा होता, पण वापरणाऱ्यांनी कंसच पसंत केले आणि ते टिकले.

ह्या कंसांचा खरा उपयोग वेगळा आहे. वाक्य कोठे सुरू होते आणि कोठे संपते याविषयी ते तिळमात्र संदिग्धता ठेवीत नाहीत. वेदपाठाची परंपरा ठाऊक असलेल्या वाचकांस हे चटकन उमगेल. संहितेत शब्द संधीने एकमेकांत मिसळलेले असतात. शाकल्याच्या नावाने चालत आलेल्या ऋग्वेदाच्या पदपाठात ते सुटे केलेले असतात. पदाची सीमा निश्चित झाल्याखेरीज अर्थाची चर्चा सुरूच होऊ शकत नाही. लिस्पमध्ये ही सीमा लेखनातच बांधलेली असल्यामुळे, अर्थ मुळीच न जाणणारे यंत्रसुद्धा एक पूर्ण वाक्य अचूक उचलू शकते. पुढील सर्व इमारत ह्या पायावर उभी आहे.

२

१९७५ साली एमआयटीच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत जेराल्ड जे ससमन आणि गाय स्टील हे दोघे कार्ल ह्युइट यांचा ‘ॲक्टर’ नावाचा सिद्धांत समजून घेण्याच्या खटपटीत होते. ह्या सिद्धांतात संगणकातील सारा व्यवहार एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या पात्रांच्या रूपाने मांडलेला होता. तो नीट कळावा म्हणून त्यांनी लिस्पची एक छोटी आवृत्ती लिहिली आणि तीत साध्या कृती व ह्युइट यांची पात्रे अशा दोन्हींची सोय केली. काम पुरे झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, दोन्ही चालवणारा मजकूर अक्षरशः एकच आहे. दोन वेगळी तत्त्वे म्हणून जी गणली जात होती ती एकाच तत्त्वाची दोन नावे ठरली. त्या वर्षीच्या डिसेंबरात प्रयोगशाळेच्या ३४९ व्या टिपणाच्या रूपाने ही भाषा प्रसिद्ध झाली. ‘प्लॅनर’ म्हणजे योजक आणि ‘कॉनायव्हर’ म्हणजे कानाडोळा करणारा, अशा नावांच्या भाषा तेथे आधी झाल्या होत्या. त्याच मालिकेत हिचे नाव ‘स्कीमर’, म्हणजे कारस्थानी, असे ठेवले होते. तेथील संगणकावर दप्तराच्या नावाला सहाच अक्षरांची मर्यादा असल्यामुळे शेवटचे अक्षर गळाले आणि ‘स्कीम’ एवढेच उरले.

स्कीमने लिस्पमध्ये आणलेला सर्वांत महत्त्वाचा बदल शब्दार्थाच्या कक्षेविषयी आहे. तो समजण्यास आपल्या देवस्थानांचे उदाहरण सोयीचे पडेल. गोव्यातील देवस्थानांस १९३३ सालचा पोर्तुगीज काळातील माझानिया कायदा लागू आहे, आणि देवस्थानाची स्वतःची नियमपत्रिकाही असते. समजा, एका देवस्थानाच्या नियमपत्रिकेत असे कलम आहे की, उत्सवाचा खर्च महाजनांनी सारखा वाटून घ्यावा. उद्या दुसऱ्या देवस्थानाच्या सभेत हे कलम मार्गदर्शनासाठी वाचून दाखवले. ह्या कलमातील ‘महाजन’ कोण? ज्या पत्रिकेत ते लिहिले आहे तिने ठरवलेले, की ज्या सभेत ते वाचले जात आहे त्या सभेचे? कोणताही वकील सांगेल की, लेखाचा अर्थ लेखातल्या व्याख्येवरून लावावा. जुन्या लिस्पमध्ये मात्र बहुधा दुसरी रीत चाले: नावाचा अर्थ ते जेथून पुकारले जाई तेथल्या परिस्थितीवर अवलंबून असे. स्कीमने अल्गॉल ६० ह्या भाषेपासून पहिली रीत उचलली. नाव जेथे लिहिले आहे तेथील कक्षाच त्याचा अर्थ ठरवील.

ह्या निवडीचे फळ वाचकाच्या पदरात पडते. ‘हे नाव कोठे ठरवले आहे?’ ह्या प्रश्नाला स्कीममध्ये मजकुरावरूनच निश्चित उत्तर देता येते. जेथे अर्थ पुकारणाऱ्यावर अवलंबून असतो तेथे हा प्रश्नच अधांतरी राहतो. कारण उद्या कोण कोठून पुकारील हे आज मजकूर वाचून कळत नाही. मोठ्या आज्ञावलीत एका नावावरून त्याच्या व्याख्येकडे आणि तेथून परत, असा जो प्रवास आज क्षणात होतो, त्याचा तात्त्विक आधार हा आहे.

भाषेचे पुढील चरित्र थोडक्यात असे. १९७८ साली सुधारित अहवाल निघाला, आणि पुढे प्रत्येक अहवालास ‘पुन्हा सुधारित’ म्हणण्याची विनोदी प्रथा पडली. १९९८ चा पाचवा अहवाल सुमारे पन्नास पानांत संपूर्ण भाषा सांगतो. २००७ च्या सहाव्या अहवालावर भाषा फार वाढवल्याचा आक्षेप येऊन मोठा वाद झाला. २०१३ चा सातवा अहवाल पुन्हा आटोपशीरपणाकडे वळला. हॅरोल्ड एबलसन आणि ससमन यांनी ज्युली ससमन यांच्या साहाय्याने लिहिलेले पाठ्यपुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यामुळे स्कीम जगभरच्या विद्यापीठांत पोहोचली.

३

आता एडिटरकडे, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनाकडे, वळू. १९६० च्या दशकाच्या आरंभी डॅन मर्फी यांनी एमआयटीत ‘टेको’ नावाचा एडिटर रचला. मुळात तो कागदी फितीवरील मजकूर दुरुस्त करण्यासाठी होता. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आणि दुर्बोध असत, आणि आपण काय बदलत आहोत हे मागितल्याशिवाय दिसत नसे. १९७२ मध्ये कार्ल मिकेल्सन यांनी त्यास असे वळण दिले की, बदल होताच पडद्यावर दिसावा. रिचर्ड स्टॉलमन यांनी पुढे त्यात अशी सोय केली की, प्रत्येक कळीमागे वापरणाऱ्याने स्वतः रचलेली आज्ञांची माळ बसवता यावी. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्याने त्याने आपापली माळ गुंफली आणि एकाच्या आसनावर दुसऱ्याला काम करता येईना. ह्या सगळ्या पाठभेदांतून एक शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे काम गाय स्टील यांनी अंगावर घेतले; स्टॉलमन यांनी ते पुढे नेऊन तडीस लावले, आणि १९७६ साली इमॅक्स जन्मास आला. आदल्याच वर्षी स्कीमच्या जन्मदात्यांपैकी एक असलेले हेच ते गाय स्टील. भाषा आणि तिचा भावी संपादक एका प्रयोगशाळेत, वर्षभराच्या अंतराने आणि अंशतः एकाच हाताने घडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९७८ साली बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स ह्या संगणकप्रणालीसाठी इमॅक्सची नवी आवृत्ती लिस्पमध्ये लिहिली. एडिटर स्वतःच लिस्पमध्ये असल्याने, त्यात लिहिलेल्या वाक्याचे मूल्य तेथल्या तेथे काढून एडिटरचेच वर्तन बदलता येऊ लागले. ह्याच सुमारास एमआयटीत ‘लिस्प मशीन’ नावाचे खास संगणक बांधले जात होते. त्यांवर एडिटर आणि आज्ञावली एकाच स्मृतीत नांदत; नावावर कर्सर ठेवून कळ दाबली की व्याख्या समोर उघडे. वाचक आणि यंत्र यांच्यामधली खिडकी येथे पुरती नाहीशी झाली होती.

आणि येथेच हक्काचा प्रश्न उभा राहिला. लिस्प मशीन विकण्यासाठी १९८० च्या आगेमागे दोन कंपन्या निघाल्या. प्रयोगशाळेतील बहुतेक जाणकार तिकडे गेले, आणि पूर्वी सर्वांना खुली असलेली आज्ञावली व्यापारी गुपित होऊ लागली. दुसरीकडे, जेम्स गॉस्लिंग यांनी १९८१ साली युनिक्स प्रणालीसाठी लिहिलेला इमॅक्स आरंभी मोकळेपणाने वाटला गेला. नंतर त्यांनी त्याचे हक्क युनिप्रेस ह्या कंपनीस विकले. स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली, आणि ग्नू इमॅक्स लिहावयास घेतला. त्यात गॉस्लिंग यांच्या लेखनाचा काही अंश होता. पूर्वी दिली गेलेली परवानगी पुरेशी आहे अशी त्यांची समजूत होती. युनिप्रेसने हरकत घेतली, आणि १९८५ साली तो सारा भाग काढून नव्याने लिहावा लागला.

वकिलाच्या नजरेने पाहता ह्या प्रसंगाचे तात्पर्य उघड आहे. सद्भाव आणि सैल परवानगी यांच्यावर उभा असलेला सामाईक ठेवा पहिल्या खरेदीखताबरोबर नाहीसा होऊ शकतो. स्टॉलमन यांनी काढलेला तोडगा कायद्याच्या बाहेरचा नव्हता. लेखनाधिकार आपल्याकडे ठेवून त्यांनी वापरणाऱ्यास लेखी परवाना दिला: वाचा, चालवा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटाल तेव्हा पुढच्यासही हेच अधिकार मूळ मजकुरासह द्या. इमॅक्सपुरत्या असलेल्या ह्या परवान्यातून १९८९ साली सर्वसाधारण ग्नू परवाना सिद्ध झाला. देवाला जमीन वाहणारा दाता दानपत्रात अट घालतो आणि ती अट जमिनीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालते, त्याच धर्तीची ही युक्ती आहे.

४

ह्या दोन धाग्यांची गाठ प्रत्यक्षात कशी पडते ते आता पाहू. इमॅक्समध्ये स्कीमचा मजकूर उघडला असता हालचाल अक्षरांनी वा ओळींनीच करावी लागते असे नाही. एका कळीने पूर्ण पदावली ओलांडता येते, दुसरीने तिला वेढणाऱ्या कंसाच्या बाहेर येता येते, तिसरीने आतल्या कंसात उतरता येते. शेजारी स्कीमची यंत्रणा एक वेगळी, इमॅक्सच्या अधीन प्रक्रिया म्हणून चालू असते. कर्सर वाक्याच्या शेवटच्या कंसापुढे ठेवून कंट्रोल-एक्स व त्यापाठोपाठ कंट्रोल-ई दाबले की तेवढी पदावली तिकडे जाते आणि तिचे मूल्य परत येते. कंट्रोल, मेटा आणि एक्स एकत्र दाबले तर कर्सरभोवतीची सबंध व्याख्या जाते. हजारो ओळींच्या ग्रंथातील एकच श्लोक दुरुस्त करून तेवढाच पुन्हा म्हणवून घ्यावा, तसा हा प्रकार आहे. बाकीची यंत्रणा चालूच राहते.

व्याख्येकडे उडी मारण्याची जुनी युक्ती ‘टॅग’ नावाच्या सूचीची होती. एक छोटी आज्ञावली सर्व दप्तरे चाळून कोणते नाव कोठे ठरवले आहे याची यादी करी, आणि एडिटर ती यादी पाही. ग्रंथाच्या शेवटच्या शब्दसूचीसारखीच ती उपयुक्त, पण मजकूर बदलला की शिळी होणारी. २००३ मध्ये कॉमन लिस्प ह्या भगिनीभाषेसाठी ‘स्लाइम’ नावाचे साधन निघाले. त्याने सूचीऐवजी चालू यंत्रणेलाच विचारण्याची रीत रूढ केली. त्याच वळणाने होसे अँटोनियो ओर्तेगा रुईस यांनी पुढे स्कीमसाठी ‘गायझर’ रचले. कृतीचे नाव लिहिताच तिला कोणती पदे द्यावयाची ते खालच्या पट्टीत दिसते. मेटा आणि पूर्णविराम दाबल्यास व्याख्येकडे जाता येते, मेटा आणि स्वल्पविराम दाबल्यास मूळ जागी परतता येते. विशेष हे की, ज्या दप्तरात आपण आहोत त्याच्याच कक्षेत वाक्याचे मूल्य काढले जाते. आपण वर पाहिलेला महाजनांचा नियम येथे साधनानेही पाळलेला आहे.

ह्या सोयीत एक धोकाही आहे. व्याख्या मजकुरातून खोडली म्हणून चालू यंत्रणेच्या स्मृतीतून ती जात नाही. कागदावरून रद्द झालेले कलम वहिवाटीत चालूच राहावे, तशी ती आत काम करीत राहते. आज सारे ठीक चालते. उद्या यंत्रणा नव्याने सुरू केली की तेच नाव सापडेनासे होते. म्हणून जाणते लोक मधूनमधून यंत्रणा बंद करून संपूर्ण मजकूर आरंभापासून चढवून पाहतात. लेख आणि वहिवाट यांचा मेळ अधूनमधून तपासलाच पाहिजे.

इतिहासाची एक गंमत नोंदवून पुढे जाऊ. ज्या इमॅक्समध्ये स्कीमची अशी उत्तम सोय आहे, त्याची स्वतःची लिस्प मात्र दीर्घकाळ जुन्या, पुकारणाऱ्याच्या रीतीने चालत होती. एडिटरचे वर्तन बाहेरून बदलणे त्या रीतीत सोपे जाते, असे स्टॉलमन यांचे मत होते. लेखस्थानावरून अर्थ ठरवण्याचा विकल्प इमॅक्सच्या २४ व्या आवृत्तीत, २०१२ साली, आला. ग्नू प्रकल्पाने १९९० च्या दशकात ‘गाईल’ नावाची स्कीमची आवृत्ती आपली अधिकृत विस्तारभाषा म्हणून स्वीकारली, आणि इमॅक्सही तिच्यावर उभा करण्याचे प्रयत्न झाले; परंतु ते सिद्धीस जाऊन इमॅक्सची भाषा बदलली नाही. प्रस्थापित वहिवाट चांगल्या सिद्धांतापुढेही लवकर हटत नाही.

५

मराठी आणि कोकणी वाचकाचा ह्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. एक संबंध सरळ आहे. २००७ च्या सहाव्या अहवालाने स्कीममधील नावे युनिकोडच्या अक्षरांत लिहिण्याची मुभा दिली. देवनागरीचे वर्ण आणि मात्रा तीत येतात. इमॅक्समध्ये देवनागरी लिहिण्याची सोय आहेच. तेव्हा ‘व्याज’, ‘मुद्दल’, ‘पालखीखर्च’ अशी नावे देऊन एखाद्या देवस्थानाच्या हिशेबाची आज्ञावली आपल्या लिपीत लिहिता येते, आणि तिच्या एकेका वाक्याला प्रश्नही विचारता येतो.

दुसरा संबंध अधिक खोल आहे. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, असे तत्त्व आहे. ते न्याय्य ठरते ते कायदा प्रसिद्ध केलेला असतो म्हणून. कोणीही तो वाचू शकतो, आणि कलमाच्या अर्थाविषयी न्यायासनापुढे प्रश्न उपस्थित करू शकतो. आज पुष्कळ नियम कागदावरून आज्ञावल्यांत उतरले आहेत. कर, व्याज, पात्रता यांची आकडेमोड यंत्र करते आणि नागरिकापुढे केवळ निकाल येतो. आज्ञावली वाचावयास मिळत नसेल तर तो निकाल म्हणजे कारणे न देता सुनावलेला निवाडाच होय. वाचावयास मिळाली, पण तिला विचारता आले नाही, तर काम अर्धेच झाले.

रसेल यांनी एका निबंधातील व्याख्या यंत्रात उतरवली, ससमन व स्टील यांनी शब्दाचा अर्थ त्याच्या लेखस्थानाशी बांधला, आणि स्टॉलमन यांनी वाचकाचा अधिकार लेखी परवान्याने पक्का केला. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बुद्धीच्या जोरावर साधल्या आणि त्या आता कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तिसरी गोष्ट हक्काची आहे. आणि हक्क कागदावर असूनही जो बजावीत नाही त्याच्या हातून तो जातो, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे. आपल्या संस्थांचा कारभार ज्या आज्ञावल्यांवर सोपवावयाचा, त्यांचा मूळ मजकूर आपल्या दप्तरी राहील आणि आपल्यापैकी कोणालाही तो तपासता येईल, एवढी अट करारात घालण्यास कोणा देवस्थानास वा संस्थेस अडचण पडू नये.